मानेवरची रेघ

“माझी मान कापली गेलीय,” भोंगा म्हणाला आणि त्यानं सकाळीच काढून नेलेले चार छोटे फोटो काउंटरवर आपटले.

भोंगा म्हणजे निवृत्त ट्रक ड्रायव्हर. आयुष्यभर इंजिनाच्या वरताण बोलल्यामुळे त्याचा आवाज असा झाला होता की तो कुणाच्या कानात काही सांगू लागला तरी समोरच्या फुटपाथवरची माणसं थांबून ऐकायची.

स्टुडिओचे मालक मिशीवाले. हे नाव गल्लीनं ठेवलेलं. मिशी होतीच तशी. जाड, टोकं वर वळवलेली, रोज सकाळी तेल आणि दर तीन आठवड्यांनी काळा रंग. त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला आणि फोटो उजेडात धरले. भोंग्याच्या डाव्या कानाखालून गळ्यापर्यंत एक बारीक, काळी, किंचित वळलेली रेघ गेली होती.

“सुरकुती असेल,” मिशीवाले म्हणाले.

“माझ्या सुरकुत्या मला पाठ आहेत. रोज आरशात हजेरी घेतो त्यांची. लायसन्सच्या खिडकीतली बाई म्हणाली, काका, हे गळ्याला काय लागलंय? बघून अंगावर काटा येतो. दुसरे आणा.”

मिशीवाल्यांनी त्याला पुन्हा स्टुलावर बसवलं. दिवा सरकवून पाहिला, हनुवटी वर करायला लावली, कॉलर उघडायला लावली. प्रत्येक फोटोत रेघ तिथेच.

“आता काय, शर्ट काढू?” भोंग्यानं विचारलं.

“नको. उद्या या.”

भोंगा गेल्यावर मिशीवाले बराच वेळ स्टुलाकडे बघत बसले. रेघ कुठून आली हे त्यांना माहीत होतं. निदान त्यांना तसं वाटत होतं. त्याच सकाळी त्यांनी लेन्सला हात लावला होता.

एकतीस वर्षं त्या घरात कामाची वाटणी ठरलेली होती. फोटो मिशीवाल्यांनी काढायचे, लेन्स बायकोनं सांभाळायची. गल्ली तिला वहिनी म्हणायची. बुटांच्या खोक्यात ओल शोषणाऱ्या पुड्या येतात, त्या ती ओळखीपाळखीच्या सगळ्यांकडून मागून आणायची आणि लेन्सच्या डब्यात टाकायची. पुसण्याचे तिचे नियम होते. लेन्स काढली की कॅमेरा तोंड खाली करून धरायचा. आधी रबरी फुग्यानं हवा मारायची, मग मऊ कुंचला, आणि अगदी शेवटी कापड, तेही मधून बाहेर गोल गोल. तोंडानं फुंकायचं नाही. मिशीवाले जवळ आले की ती मान वर न करता म्हणायची, “तोंड लांब ठेवा.”

आणखी एक रिवाज होता. रोज सकाळी दुकान उघडलं की पहिला फोटो तिचा. उजेड बरोबर आहे का बघायला ती स्टुलावर बसायची, मिशीवाले बटण दाबायचे, दिवा कमीजास्त करायचे आणि फोटो पुसून टाकायचे, रिळाच्या काळात फाडून. अकरा हजारांच्या वर फोटो झाले असतील. त्यातला एकही उरला नव्हता. उजेड बघायचे फोटो कोण ठेवतं?

चार महिन्यांपूर्वी ती गेली. दवाखान्यात, दुपारी. शेवटचं नीट ऐकू आलेलं वाक्य होतं, “लेन्सला हात लावू नका.” मिशीवाल्यांनी मान हलवली होती. त्यांना वाटलं होतं, यानंतर ती आणखी काही बोलेल.

चार महिने त्यांनी हात लावला नाही. रोज सकाळी रिकाम्या स्टुलाचा फोटो काढायचा, उजेड बघायचा, पुसून टाकायचा. पण लेन्सवर धूळ बसत गेली आणि फोटो धुक्यातले यायला लागले. समोर माणूस आला की कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर त्याच्या चेहऱ्याभोवती एक पिवळा चौकोन येतो. तोही येईनासा झाला. शेवटी त्या दिवशी, सोमवारी सकाळी, त्यांनी धीर केला. रबरी फुगा सापडला नाही. त्यांनी लेन्स काढली, कॅमेरा तोंड वर करून टेबलावर ठेवला, वाकून तीन वेळा जोरात फुंकर मारली आणि लेन्सची पुढची काच शर्टाच्या बाहीनं पुसली. एका दमात सगळे नियम मोडून झाले.

मग सवयीनं त्यांनी रिकाम्या स्टुलाचा फोटो काढला. आणि त्यात ती रेघ होती.

राखाडी पडद्यासमोर, स्टुलाच्या वर, हवेत. वहिनी बसली असती तर बरोबर तिच्या मानेच्या उंचीवर. वहिनी गळ्यात एक बारीक साखळी घालायची. ती अशीच थोडी डावीकडे घसरलेली असायची.

मिशीवाले घाबरले नाहीत. त्यांनी रिकाम्या स्टुलाला विचारलं, “रागावलीस?”

त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी सकाळचा फोटो पुसला नाही.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, भोंगा आला. दार उघडून आत उभा राहिला, तोंड हलवत राहिला. आवाज नाही. मागे त्याची बायको.

“काय केलंत ह्यांना?” तिनं विचारलं.

“मी? काही नाही. फोटो काढला.”

“काल इथून आले, जेवले, झोपले. सकाळी उठले तर आवाज गायब. नुसती हवा.” तिनं आजूबाजूला बघितलं आणि काउंटरवर वाकली. “किती दिवस टिकेल हो?”

“म्हणजे?”

“म्हणजे बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा मी भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकली. मला माहीतच नव्हतं ते वाजतं म्हणून.”

भोंगा मागून हातवारे करून काहीतरी सांगत होता. ती म्हणाली, “हो, हो, सांगते,” आणि काहीही सांगितलं नाही.

त्याच दिवशी दुपारी गाण्याच्या क्लासचे फोटो काढायचं ठरलेलं होतं. रविवारी त्यांची मोठी मैफल होती आणि पत्रिकेत बत्तीस गाणाऱ्यांचे फोटो छापायचे होते. मिशीवाल्यांनी सगळ्यांचे फोटो काढले. बत्तीस गळे, बत्तीस रेघा. त्यांनी रेघा संगणकावर पुसून द्यायच्या ठरवल्या, पण क्लासवाल्यांना घाई होती. ते तसेच फोटो घेऊन गेले आणि संध्याकाळपर्यंत ते सगळ्यांनी एकमेकांना दाखवले.

बुधवारी सकाळी शेजारच्या दुकानातला चष्मेवाला आला. हा मिशीवाल्यांचा शाळेपासूनचा दोस्त.

“अरे मिशी, तुझ्याबद्दल काय ऐकतोय मी? क्लासमधल्या सहा जणांचे घसे बसलेत. एकीची मान आखडलीय. गाण्याच्या बाईंचा आवाज तर पार गेलाय.”

“हवा बदललीय. सगळं गाव खोकतंय.”

“तेच म्हणतोय मी लोकांना. पण ती रेघ काय आहे? दाखव.”

मिशीवाल्यांनी रिकाम्या स्टुलाचा फोटो दाखवला. चष्मेवाला आधी हसत होता. मग त्याचं हसू हळूहळू थांबलं.

“इथे कुणीच बसलेलं नाही?”

“नाही.”

“मग ही गळ्यातली... ही कशात अडकलीय?”

मिशीवाल्यांनी काउंटरचा खण उघडला आणि एक छोटी डबी काढली. आत वहिनीची साखळी होती. “ही इथेच आहे,” ते म्हणाले. “पण हिची कडी मी लावून ठेवली होती. काल बघितलं तर उघडी होती.”

चष्मेवाल्यानं डबीला हात लावला नाही. त्यानं खिशातून चष्मे पुसायच्या पाण्याची बाटली काढून काउंटरवर ठेवली. “घाण आहे ती. दुसरं काही नाही. मार फवारा आणि पूस.”

“नको.”

“का नको?”

“पुसली तर ती जाईल.”

चष्मेवाल्यानं बाटली परत उचलली. एवढ्या वर्षांत त्यानं मिशीवाल्यांना खूप चिडवलं होतं. आता चिडवायला त्याला काही सापडेना. “बरं, निदान बाहेरची काच तरी पुसू दे. दोस्ती म्हणून,” असं म्हणून त्यानंच फवारा मारला आणि रुमालानं काच पुसली. काच आणखी तेलकट झाली. मग खात्री करायला तो स्वतः स्टुलावर बसला. रेघ जिथल्या तिथे आली, त्याच्या मानेवर. “बघ, काही होत नाही,” तो म्हणाला, उठला, आणि उठतानाच त्याची मान उजवीकडे अडकली. तो घरी गेला तो उजवीकडे बघतच. वाटेत त्याला उजव्या बाजूची सगळी माणसं भेटली आणि त्यानं सगळ्यांना सांगितलं.

त्यानंतर स्टुडिओत गर्दी व्हायला लागली. मिशीवाल्यांना वाटलं होतं लोक फिरकणार नाहीत. पण लोक माणसं घेऊन यायला लागले.

एक सून सासूला घेऊन आली. सासूला स्टुलावर बसवून ती काउंटरपाशी आली आणि हळूच म्हणाली, “हाच ना तो कॅमेरा?”

“कुठला?”

“आवाजाचा. त्यांना त्रास नको हो काही. जिवाला धक्का नको. नुसता आवाज. पंधरा दिवस बसला तरी मी धन्य होईन.”

“काय कुजबुजतेस गं तिकडे?” सासू ओरडली.

“दर विचारतेय, आई.”

“तुला विचारायचं कळत नाही. तू जा, बाहेर चप्पल बघ माझी.” सून बाहेर गेल्यावर सासू स्टुलावरून पुढे वाकली. “अहो मिशीवाले, माझा राहू द्या. हिचा काढा. जवळून.”

एका साहेबांनी आपल्या साडूंना आणलं. दोन कारकून मिळून एका वरिष्ठाला घेऊन आले, पदोन्नतीचा फोटो म्हणून. सगळ्यांच्या मानेवर रेघ आली. सगळे पैसे द्यायला तयार होते. मिशीवाल्यांनी फोटोच्या दराच्या वर कुणाकडून काही घेतलं नाही. दार लावून घेतल्यावर ते रिकाम्या स्टुलासमोर बसायचे आणि म्हणायचे, “बघितलंस ना? तुझ्यामुळे दुकान चाललंय.” स्टूल जुनं होतं. लाकूड मधूनच करकरायचं, बसलेला माणूस जरा सरकला की करकरतं तसं.

गुरुवारी दुपारी गाण्याच्या बाई आल्या. बरोबर अकरा जण, सगळ्यांच्या गळ्याला मफलर. कुणीच बोलेना. अकरा गाणारी माणसं एकदम गप्प उभी राहिली की खोलीत कसंतरीच वाटतं. बोलायला एकटा ढोलवाला होता. त्याचा फोटो काढायचा राहिला होता, म्हणून त्याचा घसा शाबूत होता. बाई वहीत लिहायच्या आणि तो वाचून दाखवायचा.

“बाई लिहितायत, रविवारी मैफल आहे.”

“माहीत आहे,” मिशीवाले म्हणाले.

“बाई लिहितायत, मला भुताखेतांवर विश्वास नाही.” बाईंनी घाईघाईनं आणखी काहीतरी लिहिलं. “पण माझ्या पोरींचा आहे. त्या घाबरल्यात. घाबरल्या की गळा आवळतो आणि आवळलेल्या गळ्यातून सूर निघत नाही. कॅमेरा नीट करून आणा. शनिवारी आम्हा सगळ्यांचे पुन्हा फोटो काढा. रेघेशिवाय. म्हणजे त्यांचे गळे मोकळे होतील.”

“कॅमेऱ्याला काही झालेलं नाही,” मिशीवाले म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. मग वहीत एकच ओळ लिहिली आणि ढोलवाल्याकडे न देता वही सरळ मिशीवाल्यांसमोर धरली.

‘वहिनी असत्या तर त्यांनी लेन्स अशी ठेवली असती का?’

मिशीवाल्यांनी ती ओळ दोनदा वाचली. मग त्यांनी कॅमेरा पिशवीत घातला.

शुक्रवारी सकाळी त्यांनी स्टुलाचा फोटो काढला. रेघ होती. “येतो जाऊन,” ते म्हणाले आणि कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या बाईकडे गेले. तिची खोली एका जिन्याखाली होती. जाड भिंगाचा चष्मा, पांढरे हातमोजे, टेबलावर एक दिवा. तिनं कॅमेरा घेतला आणि लेन्स काढताना तो तोंड खाली करून धरला. मिशीवाल्यांनी तिच्या हातांकडे बघितलं. तिनं रबरी फुगा घेतला, हवा मारली, मग कॅमेरा उलटा करून भिंगातून आत बघायला लागली. मिशीवाले बघायला पुढे वाकले.

“तोंड लांब ठेवा,” ती मान वर न करता म्हणाली.

मिशीवाले दोन पावलं मागे सरकले.

“सापडला,” ती म्हणाली. “केस आहे. आत सेन्सर असतो ना, टपाल तिकिटाएवढी काच, तिच्यावर चिकटून बसलाय. म्हणून प्रत्येक फोटोत एकाच जागी येतो.” तिनं तो कुंचल्यानं अलगद उचलून पांढऱ्या कागदावर ठेवला. करंगळीच्या नखाएवढा, किंचित वळलेला. अर्धा काळा, अर्धा पांढरा.

मिशीवाल्यांनी कागदाकडे हात पुढे केला. “तिचाच आहे. तिचे असेच होते. अर्धे पिकलेले. फेकू नका, मला द्या.”

बाईनं चिमट्यानं केस वाकवून बघितला. तो परत ताठ झाला. तिनं केसाकडे बघितलं, मग मिशीवाल्यांच्या नाकाखाली बघितलं, मग पुन्हा केसाकडे.

“त्यांचे केस एवढे राठ होते?”

“नाही. मऊ होते.”

“आणि त्या रंग लावायच्या?”

“कधीच नाही.”

“ह्याला रंग लावलेला आहे. साधारण तीन आठवडे झालेत, मुळाशी पांढरा दिसायला लागलाय. आणि तेल आहे. तेलामुळेच चिकटला, नाहीतर हवेनं उडून गेला असता.” ती थांबली. “तुम्ही वाकून फुंकलंत का आत?”

मिशीवाल्यांचा हात आपोआप मिशीवर गेला. डाव्या टोकाला.

पाच दिवस ते ज्या रेघेशी बोलत होते, जिच्यासाठी त्यांनी दोस्ताची मान वाकडी होऊ दिली, गाणाऱ्यांचे गळे बसू दिले, ती त्यांचीच मिशी होती. त्यांना हसू यायला हवं होतं. ते खुर्चीवर बसले.

“पुसून टाका,” ते म्हणाले. “सगळं पुसा.”

तिनं कुंचला फिरवला, मग कापड, मधून बाहेर गोल गोल. पुढच्या काचेला तिला अर्धा तास लागला. “ह्याच्यावर काय काय लावलंत हो? कशाचे चेहरे पकडणार बिचारा! ह्याला भिंत दिसत होती हेच नशीब.” तिनं कॅमेरा चालू करून मिशीवाल्यांवर रोखला. पिवळा चौकोन झटकन त्यांच्या चेहऱ्यावर येऊन बसला. मग तिनं तो भिंतीकडे वळवला. चौकोन नाहीसा झाला. “आता नवा झालाय. समोर माणूस असला की पकडेल. नसला की नाही. चुकणार नाही.”

कापड घडी करता करता ती म्हणाली, “तुमच्या मिसेस पुसायचं कापड माझ्याकडून न्यायच्या. कॅमेरा तोंड खाली धरायचं मला त्यांनीच शिकवलं. म्हणायच्या, ‘एक दिवस ह्यांच्या मिशीचा केस आत पडणार बघ. मी तीस वर्षं सांगतेय, मिशी काढा, काढत नाहीत. मी नसले तर तुझ्याकडे येतील, तेव्हा त्यांना सांग.’”

“काय सांग?”

“तेवढंच म्हणाल्या. ‘तेव्हा त्यांना सांग.’”

शनिवारी सकाळी मिशीवाल्यांनी दुकान उघडलं. आरशासमोर त्यांनी बराच वेळ घेतला होता. वरचा ओठ गोरापान दिसत होता, अनोळखी माणसाचा असावा तसा. रस्त्यात पाववाल्यानं त्यांना ओळखलं नव्हतं. वाकड्या मानेच्या चष्मेवाल्यानं ओळखलं, पण तो नुसता “अरे...” म्हणाला.

गाण्याच्या बाई दहाला येणार होत्या. अजून वेळ होता. त्यांनी दिवे लावले, राखाडी पडदा सरळ केला, स्टूल जागेवर ठेवलं आणि कॅमेऱ्यामागे उभे राहिले. रेघ येणार नाही हे त्यांना माहीत होतं. तरी बटणावर बोट ठेवायला त्यांना जड गेलं. आता स्टूल खरंच रिकामं होणार होतं.

कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर स्वच्छ, कोरी राखाडी भिंत दिसावी तसा पडदा दिसला. रिकामं स्टूल. धुकं नाही, रेघ नाही.

मग स्टुलाच्या वर, हवेत, एक पिवळा चौकोन आला. जरा इकडे तिकडे हलला आणि नेहमीच्या उंचीवर स्थिर झाला.

मिशीवाल्यांनी कॅमेऱ्यावरून डोकं वर काढून बघितलं. स्टुलावर कुणी नव्हतं. त्यांनी परत पडद्यावर बघितलं. चौकोन होता.

मग रोजचंच तोंडात आलं. “जरा डावीकडे.”

चौकोन जरा डावीकडे सरकला.

“काढली गं मिशी,” ते म्हणाले. “बघ.”

चौकोन थरथरला. बसलेला माणूस तोंड दाबून हसतो तेव्हा त्याचे खांदे हलतात, तसा. मिशीवाल्यांनी बटण दाबलं. फोटो त्यांनी पुसला नाही.

दहाला गाण्याच्या बाई आल्या. त्यांचा घसा थोडा सुटला होता. आधी त्यांनी मिशीवाल्यांना विचारलं, “मिशीवाले आहेत का?” मग नीट निरखून बघितलं आणि “अगंबाई” म्हणाल्या. मग स्टुलावर बसल्या आणि लगेच अर्धवट उठल्या.

“हे गरम कसं? आत्ता कोण बसलं होतं इथे?”

“घरातलंच माणूस,” मिशीवाले लेन्सचं झाकण काढत म्हणाले. “उजेड बघायला बसवतो रोज.”

बाईंनी मिशीवाल्यांकडे बघितलं, पाठीमागच्या राखाडी पडद्याकडे बघितलं. मग जागा करून द्यावी तशा स्टुलाच्या कडेला सरकून बसल्या.

पत्रिकेतल्या फोटोत मानेवर कुठेही रेघ नाही. बाई तेवढ्या थोड्या उजवीकडे आल्या आहेत.